गोल करवतीची गाईड

आपल्या संघाच्या स्मरणिकेत तंबाखूचे पीक, कापडाची बाजारपेठ, वस्तू व सेवा करातील फेरफार अशा विषयांवर जाणकार बंधू लिहीत असतात. त्या पंक्तीत लाकडाच्या वखारीतील एका यंत्राच्या लोखंडी पट्टीविषयी लिहावयास बसणे हे पुष्कळ वाचकांस विचित्र वाटेल. परंतु निपाणीच्या व्यापाऱ्याच्या पेढीत जे स्थान तराजूच्या काट्याचे, तेच आमच्या धंद्यात या पट्टीचे आहे. काटा खोटा असला तर एक तर गिऱ्हाईक तुटते, नाही तर भांडवल तुटते. आमच्या पट्टीच्या खोटेपणाची वसुली मात्र आणखी एका ठिकाणी होते, आणि ती कोठे होते हे दोन पावसाळ्यांपूर्वी मी प्रत्यक्ष पाहिले. म्हणून हा लेखनप्रपंच.

बेळगुंदीस आमची लाकडाची वखार व तिला लागून लहानसा सुतारखाना आहे. ओंडके फाडण्याची गिरणी आमची नव्हे. दांडेलीच्या सरकारी डेपोतील लिलावाचा साग, खानापूर भागातील मत्ती आणि गावच्या शिवारातील फणस व आंबा हा माल गिरणीतून फळ्या होऊन आमच्याकडे येतो. आम्ही त्याच्या रिपा, चौकटी व दारे तयार करून देतो. बेळगावच्या उद्यमबागेतील ओतशाळांसाठी लाकडी पॅटर्न करणारे काही कारागीरही आमच्याकडून मापाच्या पट्ट्या नेतात. या सर्व कामाचा भार एका गोल करवतीवर आहे. बिडाचे मेज, त्याच्या फटीतून वर आलेले दहा इंची दातेरी पाते, आणि खाली पट्ट्याने पाते फिरविणारी मोटार, एवढाच या यंत्राचा प्रपंच. मेजावर पात्याच्या उजव्या हातास, पात्याशी समांतर अशी जी सरळ पट्टी उभी करतात तिला कारागीर गाईड म्हणतात. इंग्रजीत तिला फेन्स, म्हणजे कुंपण, असा शब्द आहे. फळीची एक कड या कुंपणाला टेकवून फळी पुढे सरकविली, की पाते आणि गाईड यांच्यामध्ये जेवढे अंतर तेवढ्या रुंदीची रीप कापून निघते. यंत्राला डोळे नसतात. किती कापावयाचे आणि सरळ कोठे जावयाचे, हे त्यास ही पट्टीच सांगते.

आमच्या यंत्राबरोबर आलेली गाईड म्हणजे एक पातळ अँगल होता. त्यास पुढच्या टोकाला एक बोल्ट व मागच्या टोकाला दुसरा. पुढचा आवळावा तो मागचे टोक सरकावे, मागचे नीट करावे तो पुढचे हलावे, असा तिचा स्वभाव. आमचे मिस्त्री वीस वर्षांहून अधिक काळ आमच्याकडे आहेत. ते दर वेळी पुढे व मागे टेपाने माप घेऊन, हातोडीच्या दांड्याने ठोकून ती जागेवर आणीत. "अण्णा, हात सरळ हाय की हो माझा, ही पट्टीच फिरतीया," असे त्यांनी मला एकदा नव्हे, तीनदा सांगितले. मी तिन्ही वेळा दिवाळीनंतर पाहू असे म्हटले. पुढच्या पावसाळ्यात एके दुपारी फणसाच्या तीन फुटी फळीची रीप काढीत असता ती रीप पात्यामागे चिमटली गेली, उचलली गेली आणि बंदुकीतून सुटावी तशी उलटी येऊन त्यांच्या पोटावर आदळली. त्या धक्क्याने डावा हात पात्यावर ओढला गेला आणि अंगठ्याचे टोक गेले. नंतर मी माप घेतले, तेव्हा गाईडचे मागचे टोक पुढच्यापेक्षा दोन सूत आत, पात्याकडे आलेले होते. इस्पितळात मिस्त्रींनी मला दोष दिला नाही. पट्टी फिरते हे त्यांनी मला सांगितले होते, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात होते; त्यावर काही बोलणे झाले नाही.

हे असे का घडते, ते प्रत्येक मालकाने समजून घेतले पाहिजे, कारण यंत्र चालविणारा ते सहसा जाणतो आणि यंत्र विकत घेणारा सहसा जाणत नाही. पात्याचे पुढचे दात वरून खाली येतात व लाकूड मेजावर दाबून धरतात. तेथे भय कमी. मागच्या बाजूचे दात मात्र खालून वर येतात. गाईड मागे आत वळलेली असेल तर कापलेली रीप गाईड व ते मागचे दात यांच्यामधल्या निमुळत्या जागेत सापडते. दात तिला उचलतात आणि वरून पुढे, म्हणजे नेमके माणसाच्या दिशेने, फेकतात. आता वेगाचा हिशेब पाहा. दहा इंची पात्याचा घेर सुमारे ८० सेंटिमीटर. मोटार मिनिटास २,८८० फेरे घेणारी आणि दोन्हीकडच्या पुल्या सारख्या असल्या, तर दाताचा वेग सेकंदास सुमारे ३८ मीटर होतो. ताशी १३८ किलोमीटर. इतक्या वेगाने येणाऱ्या लाकडापुढे कोणाचेही प्रसंगावधान चालत नाही.

पूर्वीचे करवतकर ही गोष्ट हातानेच जाणत होते. ओंडका घोडीवर चढवून एक माणूस वर व एक खाली उभा राहून करवत ओढीत, तेव्हा चीर थोडी पुढे गेली की ते तिच्यात लाकडाची पाचर ठोकीत, म्हणजे लाकूड मिटून करवतीला चावत नसे. गोल पाते आले आणि ही पाचर विसरली गेली. गोल करवतीचे पेटंट इंग्लंडमध्ये साउथहॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर यास १७७७ साली मिळाले, म्हणजे या पात्याला अडीचशे वर्षे होत आली. परंतु त्याच्या शेजारचे कुंपण मात्र फार काळ ओबडधोबडच राहिले. मोठ्या कारखान्यांच्या भारी यंत्रांची गोष्ट वेगळी. लहान सुतारखान्याच्या यंत्रास दोन्ही टोकांना आवळावयाची, डुगडुगणारी पट्टीच असे. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात बीझमायर नावाच्या गृहस्थाने यावर साधी तोड काढली. नकाशे काढणाऱ्यांचा टी-स्क्वेअर आपल्यापैकी अभियांत्रिकी शिकलेल्या मुलांनी वापरलेला असेल. फळ्याच्या कडेवर त्याचे डोके टेकवले की लांब पट्टी आपोआप काटकोनात उभी राहते, मग ते डोके कडेवर कोठेही सरकवा. गाईडही तशीच करावी, डोके लांबरुंद व मजबूत असावे, आवळणे फक्त पुढच्या बाजूस असावे, आणि मागचे टोक मोकळे सोडावे, ही ती कल्पना. त्या पेटंटची मुदत केव्हाच संपली असून आज निरनिराळ्या देशांत तशा गाईडी मिळतात. जुन्या यंत्राला वेगळी विकत घेऊन लावता येते. आपल्या बेळगावात तर ती घडवूनही घेता येते.

आम्ही घडवून घेतली. तिचा एकूण खर्च तीन घनफूट चांगल्या सागाच्या किमतीइतका आला. यात चार जिन्नस असतात: मेजाच्या पुढच्या कडेस पक्का करावयाचा जाड अँगल, त्यावर बसणारा दोन इंच बाय तीन इंच जाड भिंतीचा चौकोनी पाइप, त्या पाइपावर स्वार होणारे डोके, आणि डोक्यास काटकोनात जोडलेली खुद्द गाईड. पाइप निवडताना दोरी ताणून, डोळा लावून पाहावा. वाकडा पाइप पुढे कोणत्याही स्क्रूने सरळ होत नाही. डोके व गाईड यांचे वेल्डिंग झाल्यावर उष्णतेने काटकोन थोडासा ओढला जातोच. त्याची चिंता नको, कारण डोक्याच्या आत नायलॉनच्या दोन गुंड्यांमागे दोन स्क्रू ठेवलेले असतात व त्यांनी तो फरक काढता येतो.

बसविण्यापूर्वी वीज तोडावी. केवळ बटण बंद करून भागत नाही. प्लग काढून तो डोळ्यांसमोर ठेवावा. आता क्रम सांगतो, आणि या लेखात एवढे एकच लक्षात ठेवले तरी चालेल. प्रथम पाते मेजावरील खाचेशी समांतर करावयाचे, नंतर गाईड त्याच खाचेशी. पुष्कळजण गाईड थेट पात्याशी जुळवितात व फसतात. पातेच मेजावर तिरके बसलेले असेल तर त्याच्याशी जुळविलेली गाईडही तिरकी होते, आणि खाचेतून सरकणारी आडव्या कापाची पट्टी तिसरेच काही म्हणू लागते. पाते तपासण्याची रीत अशी. एका दातावर खडूने खूण करावी. तो दात पुढे आणून खाचेपासून त्याचे अंतर मोजावे. मग पाते हाताने फिरवून तोच दात मागे न्यावा व पुन्हा अंतर मोजावे. दोन्ही वेळा दात तोच असला पाहिजे, म्हणजे पात्यात थोडा पीळ असला तरी माप बिघडत नाही. आमच्या यंत्रात पात्याचा दांडा दोन पेडेस्टल बेअरिंगवर आहे. एका बेअरिंगचे बोल्ट सैल करून लाकडी मोगरीने हलके ठोकताच अर्धे सूत फरक निघाला. म्हणजे इतकी वर्षे दोषी केवळ गाईड नव्हती!

त्यानंतर अँगल. त्यास आरंभी भोके पाडू नयेत. शिकंजांनी मेजाच्या कडेस धरून उंची ठरवावी. पाइप वर बसल्यावर त्याचा माथा मेजावरील खाचेच्या तळाहून खाली राहिला पाहिजे, नाही तर खाचेतील पट्टी पुढे येऊन पाइपावर अडकते. मेजाच्या पृष्ठापासून अँगलपर्यंतचे अंतर दोन्ही टोकांना व मध्ये मोजावे. एक टोक खाली गेले तर गाईड बाजूस कलते, आणि फळीची कड तिला पूर्ण न टेकता वरच्या किंवा खालच्या अंगासच टेकते.

येथे आमची एक अडचण झाली, ती उद्यमबागेशी परिचय असलेल्या वाचकांस रंजक वाटेल. अँगल घट्ट आवळला की गाईडचे मागचे टोक मेजापासून अधर उचलले जाई. कारण शोधता शोधता गुण्या लावून पाहिला, तो मेजाची पुढची कडच पृष्ठाशी काटकोनात नव्हती! वाळूच्या साच्यातून लाकडी पॅटर्न अलगद बाहेर काढता यावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना किंचित उतार ठेवावा लागतो. यंत्रशाळेत ती कड पुढे तासून घेतली नाही तर तो उतार बिडात तसाच राहतो, आणि स्वस्त यंत्रांत तो राहतोच. आमच्याकडून पट्ट्या नेणाऱ्या एका पॅटर्नकाराने हे पाहताक्षणी ओळखले व हसून पत्र्याचे दोन तुकडे कापून दिले. ते अँगलमागे खालच्या अंगास घातले आणि गाईड मेजावर सरळ आली. मेज व गाईड यांमध्ये साधारण एक मिलिमीटर मोकळीक असावी. गाईड मेजावर घासत चालली तर ती मोकळेपणी सरकत नाही. आणि फट जास्त ठेवली तर सनमायकाचे पातळ तक्ते तिच्याखाली शिरतात.

बिडाला भोक पाडताना प्रथम पंच मारावा, ड्रिल सावकाश चालवावे, आणि तेल घालू नये. बिडात ग्रॅफाइट असतेच, त्यामुळे ते कोरडेच चांगले कापले जाते. तेल घातले की भुकटीचा चिखल होऊन ड्रिल अडकते. बोल्ट बेताने आवळावा. पोलाद ताण सोसते, बीड तडकते. बोल्टांची डोकी अँगलमध्ये बुडतील अशी खोलगट जागा करावी, अन्यथा डोके सरकताना त्यांना थडकते.

पाइप पक्का झाला की डोके त्यावर ठेवून गाईड खाचेच्या कडेवर आणावी आणि मूठ खाली दाबून आवळावी. मुठीच्या आत अंड्याच्या आकाराचा जो कॅम असतो तो पाइपाला पुढून दाबून धरतो. मग गाईडची कड खाचेच्या कडेशी पुढे व मागे जुळते की नाही, ते बोटाने चाचपून पाहावे. बोटाला कागदाएवढा फरकही कळतो. न जुळल्यास नायलॉनच्या गुंड्यांमागील स्क्रू पाव फेऱ्याने फिरवीत जावे. येथे एक बारकावा आहे. तंतोतंत समांतर राखण्यापेक्षा मागचे टोक पात्यापासून पोस्टकार्डाच्या जाडीइतके दूर ठेवणे आम्हांस बरे वाटते. त्याहून जास्त नको. आत मात्र केसभरही नको. जुळवून झाल्यावर मूठ दहा वेळा सोडावी, दहा वेळा आवळावी, दर वेळी जागा बदलावी, आणि प्रत्येक वेळी तपासावे. मागचे टोक अंगठ्याने दाबूनही पाहावे. जी गाईड दहाही वेळा तेच सांगते तीच खरी.

मापपट्टी पाइपावर चिकटवावयाची ती शेवटी. एक रीप कापून, तिची रुंदी मोजून, त्या आकड्यावर दर्शक बसवावा. निराळ्या जाडीचे पाते चढविले की हे पुन्हा पाहावे लागते. आमच्या मापपट्टीवर एका अंगास इंच व सूत, दुसऱ्या अंगास मिलिमीटर आहेत. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, त्याच वर्षी आमचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. राज्याचे नाव पुढे कर्नाटक झाले, गावाचे बेळगावी झाले, पण आमच्या वखारीत सूत ते सूतच राहिले आहे. इंचाचा आठवा भाग, म्हणजे सुमारे ३.२ मिलिमीटर. पॅटर्नकारांचाही त्यावर लोभ आहे, कारण बीड थंड होताना आकसते ते साधारणपणे दर फुटास एक सूत, आणि पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. ज्यांचा हिशेबच फुटामागे एका सुताचा, त्यांस एका सुताने चुकलेली पट्टी कशी द्यावी?

व्यापारी बंधूंस पैशाचाही हिशेब हवा असेल, तो असा. बारा इंच रुंद फळीतून दीड इंची रिपा काढावयाच्या आहेत. पात्याची चीर एक सूत. सात रिपांचे साडेदहा इंच आणि मधल्या सहा चिरांचे पाऊण इंच मिळून सव्वाअकरा. सात रिपा निघून वर पाऊण इंच उरते. आता गाईड फिरते म्हणून प्रत्येक रीप रंध्याने सरळ करावी लागेल या भीतीने कारागीर दर रिपेस एक सूत जास्त ठेवतो. लागतात बारा इंच आणि एक सूत. सातवी रीप एका सुताने हुकते. आम्ही किती वर्षे सातातली एक रीप शेकोटीत घातली, याचा हिशेब आमच्या वह्यांत कोठेही नाही, कारण तो खर्च म्हणून कधी लिहिलाच गेला नाही.

नवी गाईड बसली तरी ती एकटी पुरेशी नाही. सागाच्या काही फळ्यांत अंगचाच ताण असतो. कापताच त्याची चीर मिटते, मग गाईड कितीही सरळ असो. त्यासाठी पात्याच्या मागे, त्याच रेषेत, पोलादाचे स्थिर पाते हवे. ते म्हणजे पूर्वीच्या करवतकरांची पाचरच. १९४८ च्या कारखाने कायद्याखाली राज्यांनी केलेल्या नियमांत लाकूडकामाच्या यंत्रांविषयी स्वतंत्र प्रकरण असे, आणि त्यात गोल करवतीमागे असे पाते, वरून झाकण व लाकूड ढकलण्याची काठी या तिन्ही गोष्टी सांगितलेल्या होत्या. आमच्यासारख्या दोन-चार माणसांच्या सुतारखान्यांकडे तो कायदा फिरकत नसे, म्हणून आम्हीही तिकडे फिरकलो नाही. आता हे तिन्ही बसविले आहे. घन लाकूड कापताना गाईडला एक आखूड लाकडी फळी जोडतो, ती पात्याच्या मध्यापर्यंतच पोहोचते. त्यापुढे रिपेस बाजूला सरण्यास जागा राहते. आणि आखूड तुकडे आडवे कापताना गाईडला टेकवून कधीही कापीत नाही.

रीप ठीक कापली जाते की नाही, ते तिच्या कडेवरूनच कळते. दातांचे कमानदार ओरखडे एकाच दिशेचे असतील तर ठीक. ते एकमेकांस ठळकपणे छेदू लागले किंवा कड काळपट जळू लागली, तर मागचे दातही लाकडाला लागत आहेत. काम थांबवून गाईड पुन्हा पाहावी. बेळगुंदीच्या पावसात गाईडवर लावलेले प्लायवूड फुगते, म्हणून आषाढापासून दिवाळीपर्यंत आम्ही दर आठवड्यास पोस्टकार्ड लावून पाहतो.

मिस्त्री दीड महिन्याने कामावर आले. गाईड त्यांच्याच हातून बसविली. मी फक्त टेपाचे दुसरे टोक धरले होते. अंगठ्याने दाबून पाहण्याची कसोटी ते उजव्या हाताने करतात. पहिली फळी त्यांनी फणसाचीच घेतली, तिच्या रिपा गुण्याला लावून पाहिल्या, आणि त्यांतल्या एकीची ढकलण्याची काठी करून ती यंत्राला दोरीने बांधून ठेवली. ती अजून तीच आहे. ज्या सभासदांच्या घरी अथवा कारखान्यात गोल करवत असेल त्यांनी अँगल व पाइपाची मापे उतरून घेण्यास वखारीत अवश्य यावे. जुनी गाईडही ठेवली आहे, ती हाताने हलवून पाहता येईल.